हॅसिएंडा आणायची तर हिशेबाच्या वहीसकट आणा

सांजवारा

गेली चार वर्षं मी मेक्सिकोत आहे, त्यातली दोन मेरिदात, म्हणजे युकातानच्या राजधानीत. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकीचं लग्न शहराबाहेरच्या एका हॅसिएंडेत होतं. जाड भिंतींना गेरूचा लाल रंग, दाराशी भली मोठी कमान, मागे बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं. जिथे पूर्वी एनेकेनचा वाख काढायचं यंत्र होतं तिथे जेवणाच्या पंगती. (एनेकेन म्हणजे आपल्या घायपाताचा सख्खा भाऊ. हे सगळं कुळच मूळचं इकडचं.) कोपऱ्यात एक छोटी खोली, तिला गजांची खिडकी आणि खिडकीला लाकडी फळी. आत आता झोपाळे, मध आणि सुवासिक साबण विकतात. नवरीची आजी माझ्याशेजारी उभी होती. ती खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही तिएंदा दे राया." आणि पुढे गेली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं.

तिएंदा म्हणजे दुकान, राया म्हणजे रेघ. मालकाचं दुकान. मजुराची मजुरी पुष्कळदा नाण्यांत नाही, तर मालकानेच पाडलेल्या बिल्ल्यांत मिळायची आणि ते बिल्ले याच खिडकीवर चालायचे. मका, कापड, दारू, लग्नाचा खर्च, सगळं वहीत मांडलं जाई. फिटेपर्यंत जागा सोडायची नाही. बाप मेला की वही मुलाच्या नावावर.

मी फोटो घरी पाठवले. आत्याचं उत्तर आलं, "अय्या, किती गोड फार्महाऊस!" आणि मामेभावाने कर्जतकडच्या एका सेकंड होम प्रकल्पाचं माहितीपत्रक पाठवलं. त्याच्या नावातच हॅसिएंडा. आत लिहिलं होतं, "निवांत, राजेशाही, मातीशी नातं सांगणारं जगणं".

माझं म्हणणं एवढंच. हॅसिएंडा हे घराचं नाव नाही, ते एका व्यवस्थेचं नाव आहे. जमीन, पाणी, माणसं, देऊळ, दुकान आणि वही, सगळं एका मालकाचं. घर हा त्यातला एक तुकडा. त्याला इथे कासा ग्रांदे, मोठं घर, असा वेगळा शब्दच आहे. इंग्रजीने अठराव्या शतकात हा शब्द घेतला आणि हळूहळू त्यातली ओसरी, कौलं आणि बोगनवेल ठेवून बाकीचं सोडून दिलं. आपण तो इंग्रजीकडून घेतो, म्हणून आपल्याकडे तो धुऊन-पुसूनच येतो. प्रवासवर्णनांत 'टुमदार हॅसिएंडा', अनुवादांत 'शेतावरचा बंगला'. मराठीत हा शब्द आणायचाच असेल तर वहीसकट आणा. नाहीतर सरळ जमीनदारी म्हणा.

---

पडवी

छान लिहिलंय, पण साफ असहमत.

मी वास्तुरचनाकार आहे आणि माझ्याकडे लोक 'हॅसिएंडा टाइप' घर मागायला येतात, हे आधीच कबूल करतो. त्यांना काय हवं असतं? मधला चौक, भोवती खांबांची पडवी, जाड भिंती, उतरतं छप्पर. यातलं काहीही जुलमी नाही. मधला चौक स्पेनमध्ये रोमनांनी रुजवला, अरबांनी त्यात पाणी खेळवलं, अंदालुसियातून तो मेक्सिकोला गेला. आमच्या वाईच्या वाड्यातला चौक आणि हा चौक एकाच उन्हाला दिलेली दोन उत्तरं आहेत.

इंग्रजीतल्या हॅसिएंडेला तर आता स्वतःचा इतिहास आहे. १९३० च्या दशकात क्लिफ मे नावाच्या माणसाने सॅन डिएगोत मध्यमवर्गीयांसाठी चौकाची बैठी घरं बांधायला सुरुवात केली आणि त्यांना हे नाव लावलं. त्यातून पुढे अमेरिकेतली 'रँच हाऊस' नावाची लाखो घरं आली. त्या घरात राहणारा गवंडी किंवा शाळामास्तर कोणाला वेठीला धरत होता?

आणि वाडा शब्दाचं काय? वाडे काय स्वयंसेवकांनी बांधले? वेठबिगार होतीच ना? तरी सोसायट्यांना आपण 'अमुक वाडा' नाव देतोच. प्रत्येक शब्दाकडून चारित्र्याचा दाखला मागायला लागलात तर घराला नाव द्यायला फक्त 'आईची कृपा' उरेल.

---

सांजवारा

@पडवी, वाड्याचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. 'वाड्यावर ये' एवढं म्हणून बघा, मराठी माणूस आधी हसतो, मग जरा गप्प होतो. पाटलाचा वाडा, सावकाराचा वाडा, वाड्यावरचं बोलावणं. शब्दाची काळी बाजू आपल्या कानात शाबूत आहे, म्हणून सोसायटीला ते नाव दिलं तरी कोणी फसत नाही. हॅसिएंडेबाबत इंग्रजी वाचकाला, आणि त्याच्यामार्फत आपल्याला, ते दचकणंच मिळालेलं नाही.

चौकाशी माझं भांडण नाही. चौक बांधा, त्याला चौक म्हणा.

---

जुनी वही

आयडीमुळे धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. :)

दोघांनाही थोडं थांबवतो. धागाकर्तीने रंगवलेलं चित्र खोटं नाही, पण ते युकातानचं आहे, आणि तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९१० च्या आसपासपर्यंतचं. हॅसिएंडा सोळाव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्यापर्यंत, उत्तर मेक्सिकोच्या माळापासून पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांपर्यंत पसरलेली होती. एवढ्या सगळ्याला एकच वही कशी लावणार?

पहिला घोटाळा नेहमी एन्कोमिएंदाशी होतो. एन्कोमिएंदा म्हणजे राजाने विजेत्याला दिलेला, तिथल्या लोकांकडून खंडणी आणि श्रम घेण्याचा हक्क. जमीन त्यात नव्हती. आपल्याकडे मोकासा म्हणजे महसुलाचा हक्क, जमिनीची मालकी नव्हे. साधारण तसं समजा, तंतोतंत नाही. १५४२ च्या कायद्यांनी राजाने हे हक्क आवळायला घेतले, शिवाय देवीसारख्या साथींनी माणसंच इतकी मेली की ज्यांच्याकडून घ्यायचं ती गावं ओस पडली. मोकळ्या पडलेल्या जमिनी बळकावल्या गेल्या आणि १५९१ पासून राजाला पैसे भरून ते कब्जे कायदेशीर करून घ्यायची सोय झाली. हॅसिएंडा वाढली ती तिथून. आजच्या भाषेत 'अतिक्रमण नियमित करणे'. कोणाला ओळखीचं वाटलं तर माझा दोष नाही.

दुसरं, कर्जाने बांधलेला मजूर. फ्रेंच इतिहासकार फ्रांस्वा शेवालिएने १९५२ मध्ये हॅसिएंडेचं जवळजवळ सरंजामी चित्र उभं केलं आणि ते सगळीकडे चिकटलं. पण १९६४ मध्ये चार्ल्स गिब्सनने मेक्सिकोच्या खोऱ्यातली कागदपत्रं तपासली तेव्हा तिथे कर्जबाजारी मजूर समजतो तितके नव्हते आणि कर्जंही मोठी नव्हती, असं निघालं. नंतरच्या अभ्यासकांना अशाही वह्या मिळाल्या की ज्यांत मालकच मजुराचं देणं लागतो. काही ठिकाणी आगाऊ रक्कम ही बेडी नसून मजुराने वाजवून घेतलेली किंमत होती. माणसं कमी, काम जास्त, मग उचल दिल्याशिवाय कोण येणार?

१७८५-८६ चा मेक्सिकोतला भीषण दुष्काळ घ्या. हॅसिएंडेत कायम राहणाऱ्या मजुराला मक्याचा शिधा ठरलेला असे. बाहेरच्या 'स्वतंत्र' गावकऱ्याला मका चढ्या भावाने विकत घ्यावा लागे, आणि तो विकणारी कोठारं हॅसिएंडेचीच. आता सांगा, सुखी कोण?

शब्दाला वही जोडायची तर कुठल्या हॅसिएंडेची, कुठल्या सालची, हेही जोडा. तेवढी जागा नसेल तर नुसता शब्द वापरणारा अगदीच गुन्हेगार ठरत नाही.

---

सांजवारा

@जुनी वही, उत्तम प्रतिसाद. उत्तर आणि दक्षिण मेक्सिकोत फरक होता हे मान्य. पण तुम्ही दिलेलं दुष्काळाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आतला माणूस जगला कारण कोठार मालकाचं. बाहेरचा मेला, कारण कोठार मालकाचंच.

आणि युकातान हा काही फुटकळ अपवाद नव्हता. अमेरिकेच्या गव्हाच्या शेतांवर कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रं आली, त्यांना सुतळी लागे, आणि ती सुतळी इथल्या एनेकेनची. जगाला या वाखासाठी 'सिसल' हा शब्द मिळाला तो इथल्याच सिसल नावाच्या बंदरावरून. मागणी वाढली तशी माणसं कमी पडायला लागली. मग मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरियो दियास याच्या राजवटीत वायव्येकडच्या सोनोरातल्या बंडखोर याकी लोकांना पकडून, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आणून, या शेतांवर टाकलं. हजारोंनी. १९०५ मध्ये कोरियातून सुमारे हजार माणसं जहाजाने आणली गेली. करार संपेपर्यंत त्यांच्या देशावर जपानचा ताबा आला होता, परतणार कुठे? त्यांची आडनावं मेरिदात अजून भेटतात, स्पॅनिश उच्चारात मुरलेली.

इथली मजुरांची कर्जं १९१४-१५ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या सरकारने रद्द केली. मालकांचा अख्खा मजूरवर्ग सरकारला अशा फर्मानाने 'मोकळा' करावा लागतो, याचा अर्थ काय लावायचा तो लावा.

---

तव्यप्रत्यय

चर्चेत कोणीच मुळाशी गेलं नाही म्हणून हा प्रतिसाद. कंटाळा आला तर पुढे सरका.

लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणे. त्याचं 'फाकिएंदा', अर्थ 'करायच्या गोष्टी'. संस्कृतात कृ धातूला तव्य किंवा अनीय लागून कर्तव्य, करणीय होतं, अगदी तेच रूप. इंग्रजीतले अजेंडा, मेमोरँडम, प्रोपगंडा हे सगळे याच साच्यातले. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा फ झिजून ह झाला, पुढे तो ह पण मुका झाला. म्हणजे धागाकर्ती चार वर्षं तिथे राहून 'हॅसिएंडा' लिहितात हे नवलच. उच्चार 'आसिएंदा'. माद्रिदकडे गेलात तर 'आथिएंदा'.

अर्थाचा प्रवास असा: करायची कामं, मग कामकाज, मग मालमत्ता, मग मोठी शेतजमीन. स्पेनमध्ये आज हा शब्द उच्चारला तर लोकांना लाल कमान वगैरे काही आठवत नाही, आयकर आठवतो. अर्थखातं म्हणजे 'आसिएंदा'. त्यांच्या कर विभागाचं प्रसिद्ध घोषवाक्य आहे, 'आसिएंदा सोमोस तोदोस', म्हणजे आसिएंदा आपण सगळेच. कर्जतच्या प्रकल्पाने हेच वाक्य कमानीवर लिहावं.

अवांतर, पण राहवत नाही. हॅसिएंडेवरच्या मजुराला स्पॅनिशमध्ये 'पेओन' म्हणतात. मूळ अर्थ पायी चालणारा. पोर्तुगीजमध्ये तोच 'पिआंव', पायदळातला शिपाई. तो पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आला, इंग्रजांनी उचलला, आणि आपल्या कचेरीत स्टुलावर बसलेला 'प्यून' झाला. बुद्धिबळातलं इंग्रजी 'पॉन' हेही त्याच घरातलं, आणि आपलं 'प्यादं' फारसीतून आलेलं असलं तरी मूळ 'पद' तेच. तेव्हा वही आणायची म्हणता, पण त्या वहीतला माणूस आपल्याकडे केव्हाच येऊन फायली वाहतोय.

---

सांजवारा

उच्चाराबद्दल कान पकडले. पण मी मुद्दामच इंग्रजी उच्चार ठेवला, कारण वाद इंग्रजीतून आलेल्या शब्दाशी आहे. 'आसिएंदा' म्हणणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना हे काही शिकवायची गरजच नाही.

प्यून वाचून मात्र दोन मिनिटं तशीच बसले.

---

अर्धा चहा

मँचेस्टरमध्ये 'हॅसिएंडा' नावाचा नाइटक्लब होता, १९८२ ते १९९७. मी तिथे शिकायला होतो तेव्हा तो बंद पडून पाडला होता आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅटच्या इमारतीलाही नाव तेच. स्पॅनिशमध्ये या शब्दात नसलेली एक शेपटी त्यांनी 'सी' अक्षराला लावली होती. का, तर क्लबमागच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीच्या क्रमांकयादीत क्लबचा नंबर ५१, आणि शेपटीवालं सी नि त्यापुढचं आय मिळून ५१ दिसतं!

नाव घेतलं होतं १९५३ मधल्या, पॅरिसच्या एका तरुण बंडखोराच्या मजकुरातून, 'हॅसिएंडा बांधायला हवी' अशा अर्थाच्या वाक्यावरून. त्याला त्यातून गमावलेली स्वप्ननगरी म्हणायची होती. म्हणजे मजुरांचं गाव, स्वप्ननगरी, नाचघर, फ्लॅट. या शब्दाला वही लावायची तर त्यात बीअरचंही बिल धरा.

(चप्पल मारण्याआधी: मी धागाकर्तीच्या बाजूने आहे.)

---

माडांची सावली

सांजवारा बाय, तुम्ही म्हणता हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून येतो. एक आला तसा. पण त्याची धाकटी बहीण आमच्या गोव्यात इंग्रजांच्या कितीतरी आधी येऊन बसली होती. फझेंदा. पोर्तुगीजमध्ये तीच व्युत्पत्ती, फक्त यांचा फ झिजला नाही. ब्राझीलमध्ये फझेंदा म्हणजे कॉफीचे ते प्रचंड मळे. गोव्यात मात्र जास्त करून दुसरा अर्थ चालला, सरकारी तिजोरी. व्हाइसरॉयच्या खालोखाल 'वेदोर दा फझेंदा' हा मोठा अधिकारी, आणि 'कोंसेल्यु दा फझेंदा'चे ठराव गोव्याच्या पुराभिलेखात रांगेने ठेवलेले आहेत. आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'फाझेंद' म्हणजे सारा भरायचं ऑफिस.

मळ्यासाठी आमच्याकडे शब्द होता तो भाट. (घाटावरच्या मंडळींना भाट म्हटलं की स्तुतिपाठक आठवतो, आमच्याकडे नारळाची बाग.) भाटाचा मालक भाटकार. त्याच्या जमिनीत झोपडं बांधून राहणारा तो मुंडकार. राहायला जागा दिली म्हणून त्याने भाट राखायचं, भाटकाराकडे लग्न असलं की राबायला जायचं, सणाला पायरीशी उभं राहायचं. वही असायचीच असं नाही. 'ऊठ' म्हटलं की उठायचं, एवढा धाक पुरे होता. १९६१ नंतर, १९७५ मध्ये मुंडकार कायदा झाला तेव्हा कुठे त्याला घराखालच्या जमिनीवर हक्क सांगता आला, आणि त्या कायद्याखालचे दावे अजून मामलेदाराकडे लोळताहेत.

माझी हरकत वेगळीच आहे. तुम्ही हॅसिएंडेला पर्याय म्हणून 'जमीनदारी' सुचवता. तो उत्तर हिंदुस्थानातला, बंगालातला शब्द, इंग्रजांनी पक्का केलेला. कोकणात खोत, गोव्यात भाटकार, देशावर वतनदार. प्रत्येकाची रीत वेगळी. पुसट शब्दाच्या जागी दुसरा पुसट शब्द टाकून काय साधणार?

आणि घरच्या गोष्टी सांगायच्या तर, आम्ही भाटकार. आजोबांचं घर आता होमस्टे आहे, भावाने बाहेर 'हेरिटेज' अशी पाटी लावली आहे. पाहुण्यांना मुंडकारांबद्दल सांगत नाही. सांगायला हवं का? मला नक्की ठरवता येत नाही.

---

पडवी

@माडांची सावली, हेच मी म्हणतोय. घर टिकवायचं तर कोणीतरी त्यात पैसे घालायला हवा. १९१७ च्या राज्यघटनेनंतर, आणि मुख्यतः १९३४ ते १९४० मध्ये लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना मेक्सिकोत हॅसिएंडा फोडल्या गेल्या, जवळपास १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली गेली. उत्तम झालं, त्याविरुद्ध एक शब्द नाही. पण शेती गेली आणि राहिलेल्या इमारती पन्नास वर्षं ढासळत होत्या. दरवाजे जळणाला गेले, कौलं चोरीला गेली. हॉटेलवाले आले म्हणून तुम्हाला ती गजांची खिडकी तरी बघायला मिळाली. ओसाड भिंतीत तिएंदा दे राया कोणती ते कोणी दाखवलं असतं?

---

सांजवारा

मला हॉटेलवाल्यांनी नाही दाखवली, पडवी. नवरीच्या आजीने दाखवली. तिचे वडील तिथेच एनेकेन तोडायचे. हॉटेलच्या पाटीवर त्या खोलीचं नाव 'बुटिक' आहे.

@माडांची सावली, जमीनदारी हा शब्द मी घाईत लिहिला, मागे घेते. भाट खरंच जवळचा आहे, पण पुण्याच्या वाचकाला तळटीप द्यावी लागेल.

---

कोयत्याचा नातू

एवढं मेक्सिको-मेक्सिको चाललंय म्हणून विचारतो. वहीत उचल मांडायची, ती फिटेस्तोवर माणसाने दुसरीकडं जायचं नाही, बायको-लेकरं सोबत, राहायला कोप्या. हे कुठल्या शतकातलं वाटतं? आमच्या बीड जिल्ह्यात मुकादमाकडून दरसाली असंच उचलतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपला आणि अंगावर पैसे राहिले तर फिरतात पुढच्या साली. माझ्या आजीनं आयुष्यभर ऊस तोडला, तिला हॅसिएंडा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण वही ठाऊक होती.

इथं कर्जतच्या गेटवरच्या नावावर रडण्यापेक्षा त्या गेटच्या आत गवत कापणाऱ्याचा पगार विचारा की.

---

जुनी वही

@कोयत्याचा नातू, तुमचा मुद्दा तोलामोलाचा आहे, फक्त एक फरक नोंदवतो. ऊसतोडीत जमीन एकाची, कारखाना दुसऱ्याचा, उचल देणारा तिसरा. हॅसिएंडेत हे तिघेही एकच. त्यामुळे निसटायची फटही वेगळी आणि भांडायचं कोणाशी तेही वेगळं. तिथे निदान समोर एक मालक दिसायचा.

पेरूच्या किनाऱ्यावरच्या ऊसमळ्यांत मात्र तुमच्या मुकादमासारखाच माणूस होता. डोंगरातल्या गावी जाऊन सणासुदीच्या आधी उचल द्यायची आणि माणसं खाली मळ्यावर आणायची. या पद्धतीला शब्द होता 'एंगांचे'. अर्थ, आकड्यात अडकवणे. गळाला लागलेला मासा म्हणा.

---

कोयत्याचा नातू

आकड्यात अडकवणे. बरोबर शब्द आहे. तिसरा कोण ते आम्हाला पण सहसा दिसत नाही.

---

सांजवारा

@कोयत्याचा नातू, गवत कापणाऱ्याचा पगार विचारायलाच हवा. पण नावाचा आणि पगाराचा संबंध नाही असं मला वाटत नाही. हॅसिएंडा नावाखालीच अलीकडेपर्यंत चाललेली गोष्ट सांगते.

फिलिपिन्समध्ये ऊसमळ्याला अजूनही हॅसिएंडाच म्हणतात, मालकाला हासेन्देरो, आणि बाहेरून आणलेल्या तोडकऱ्यांना साकादा. 'हॅसिएंडा लुइसिता' ही त्यातली सगळ्यांत गाजलेली, ६,४०० हेक्टरांहून मोठी. १९५०च्या दशकाच्या शेवटी कोहुआंको कुटुंबाने ती स्पॅनिश कंपनीकडून घेतली, पुढेमागे जमीन छोट्या शेतकऱ्यांना वाटायची या बोलीवर सरकारी मदत मिळाली होती. याच कुटुंबातल्या कोराझोन अकिनो १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९८८ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा आला, त्यात जमिनीऐवजी कंपनीचे शेअर देण्याची पळवाट होती आणि लुइसिताने तीच धरली. कुळाला सातबाऱ्याऐवजी शेअरचा कागद. १६ नोव्हेंबर २००४ ला संपावरच्या कामगारांवर गोळीबार झाला, सात जण मेले. जमीन वाटाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला २०१२ उजाडलं.

तिथल्या साकादाच्या मुलीला कोणी 'हॅसिएंडा टाइप' घराचा फोटो दाखवला तर ती काय म्हणेल, एवढंच.

---

पडवी

ती म्हणेल, मलाही असं घर हवं. गंमत नाही करत. साखर कामगारांच्या वसाहतीची डागडुजी मी केली आहे, महाराष्ट्रातच. घराचा नकाशा विचारला तर बहुतेकांनी साहेबांच्या बंगल्यासारखाच हवा असं सांगितलं. पुढे ओसरी, मधे चौक. जुलूम करणाऱ्याचं घर बघून ते पाडावंसं वाटतं हा आपल्यासारख्यांचा समज आहे. ज्याने बाहेरून बघितलं त्याला आत राहायचं असतं.

मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी झापाता, त्याचंच बघा. मोरेलोसमधल्या त्याच्या अनेनेकुइल्को गावाची जमीन शेजारच्या हॅसिएंडेने गिळली, तिथून सगळं पेटलं. तरी १९११ च्या 'आयाला योजना' या जाहीरनाम्यात त्याने मागितलं काय? हॅसिएंडेच्या जमिनीचा तिसरा हिस्सा, तोही मोबदला देऊन. इमारती जाळा असं कलम नाही.

---

जुनी वही

अर्धवट. त्याच योजनेत असंही आहे की जे मालक विरोध करतील त्यांची उरलेली दोन तृतीयांशही जप्त करायची. आणि ज्यांच्याकडे हक्काचे कागद आहेत अशा गावांनी बळकावलेली जमीन मोबदला-बिबदला न देता ताबडतोब ताब्यात घ्यायची, हातात शस्त्र ठेवून. झापाता अनेनेकुइल्कोचे जुने कागद पेटीत जपून ठेवायला लावायचा. त्याचीही एक वही होती म्हणायची.

१० एप्रिल १९१९ ला त्याला दगा देऊन मारलं ते चिनामेका नावाच्या हॅसिएंडेच्या दारात, कमानीखालून आत शिरताना. त्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात. पडवी, तुमच्या गिऱ्हाइकांना कमानीचं चित्र दाखवताना हे सांगत जा. रागाने नाही, खरंच सांगत जा. काही जणांना आवडेल.

---

पडवी

सांगेन. पण त्यानंतर गिऱ्हाईक कमान आणखी दीड फूट रुंद करायला सांगेल, बघा.

---

माहीमकर

आतापर्यंत वाचनमात्र होतो, गोव्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचून खातं उघडलं.

फझेंदा फक्त गोव्यात नाही, मुंबईतही आहे. मुंबई शहरातल्या काही जमिनी 'फझेंदारी' आहेत, हा चक्क कायद्यातला शब्द आहे, जुन्या निकालांत सापडेल. जमीन फझेंदाराची, तिच्यावरचं घर आपलं, आणि आपण वर्षाला त्याला भुईभाडं द्यायचं. ते वर्षानुवर्षं वाढत नाही, घर वारसांना जातं, विकताही येतं. १६६१ च्या, इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या लग्नाच्या तहात बेट इंग्रजांना गेलं, पण त्याआधीची पोर्तुगीज भाषा जमिनीला चिकटून राहिली. फोरास रोडचं 'फोरास' तसंच, तोही पोर्तुगीज भाड्याचा शब्द. पोर्तुगीज काळात आख्खं मुंबई बेटच गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे भाडेपट्ट्याने होतं, म्हणजे तसं पाहिलं तर आपण सगळे एका इस्टेटीत राहतो.

आमचं माहीमचं घर फझेंदारी जमिनीवर होतं. आजोबा वर्षातून एकदा फझेंदाराच्या पेढीवर जाऊन भाडं भरायचे. किती, तर ऐकून हसाल, त्या पैशांत आज वडापाव येणार नाही. आजोबांना तो मालक कधी जुलमी वाटला नाही, उलट भाडं नेऊन दिलं की चहा मिळायचा. म्हणून म्हणतो, एकाच शब्दाने मेक्सिकोत माणूस बांधला गेला आणि माहीममध्ये माणसाचं घर पक्कं झालं. धागाकर्तीच्या वहीच्या मागणीशी म्हणूनच मी सहमत नाही.

---

माडांची सावली

भुईभाड्याचं ऐकलं नव्हतं. आमच्याकडे मुंडकाराला चहा मिळायचा, पण पायरीवर, आणि वेगळ्या करवंटीत.

---

सांजवारा

@माहीमकर, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. पूर्ण असहमत असूनही धाग्यातला सगळ्यांत आवडलेला प्रतिसाद. आजोबांच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत का? त्यांवर 'फझेंदार' शब्द आहे का, आणि असला तर मराठीत कसा लिहिलाय?

---

माहीमकर

एक सापडली, पत्र्याच्या डब्यात. शब्द असावा, पण मराठीत नाही. सगळी पावती गुजरातीत आहे. वडिलांना वाचता यायची.